खिडकीतून टाकलेली पिशवी

विट्याच्या स्टँडवर जागा धरण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एसटी फलाटाला लागायच्या आधी, ती वळण घेत असतानाच तिच्या बरोबरीनं पळायचं, उघडी खिडकी हेरायची आणि उडी मारून रुमाल आत टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण आमच्याकडं लोक तो जेवढा पाळतात तेवढा लाल सिग्नलही पाळत नाहीत. मी सातवीत गेल्यापासून वर्गातल्या पोरी आपापले रुमाल माझ्याकडं देऊन निवांत गप्पा मारत उभ्या राहायच्या. एका दमात मी चार जागा धरायचे.

नुसती जागाच नाही, मला सगळ्यातच पहिलं यायचं असायचं. शाळेत पहिला नंबर, शंभर मीटरला तालुक्यात पहिली, शिष्यवृत्तीच्या यादीत वर. तिथवर ठीक होतं. पण मी जेवतानासुद्धा शेजारच्याच्या ताटाकडं बघत घास उचलायचे आणि पंगतीत सगळ्यांच्या आधी हात धुवायला उठायचे. दुसरीत एका मुलीला माझ्याहून दोन मार्क जास्त पडले, तर मी तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाही. आई म्हणायची, "ह्या पोरीला जत्रंत न्यायची सोय न्हाई. देवाच्या आदी पालखीत जाऊन बसंल."

आणि माझा थोरला भाऊ कृष्णात साऱ्या जगाकडं मदत मागत हिंडायचा.

कृष्णातदा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. जन्मला तेव्हा उशिरा रडला, एवढंच आई सांगते. त्या उशिरापायी त्याचं डावं अंग ताठ राहिलं, पाय एकमेकांत अडकायला लागले आणि बोलणं जड झालं. डोकं लख्ख. एक शब्द उच्चारायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी तीन वाक्यं बोलून मोकळी होते, आणि त्यातली दोन फुकट जातात. कुबडी घेऊन चालतो, सपाटीला नीट चालतो, पण पायरी, चिखल आणि एसटीचा दरवाजा या तीन ठिकाणी त्याला माणूस लागतो.

मी पाच वर्षांची असताना त्याच्याशी शर्यत लावली होती. घरामागच्या परड्यापासून विहिरीपर्यंत. मी अर्थातच जिंकले आणि गावभर सांगत सुटले की मी दादाला हरवलं. आईनं पाठीत धपाटा घातला. कृष्णातदा मात्र विहिरीच्या कठड्याला टेकून घाम पुसत म्हणाला, "मारू नगं गं आय. खरंच हारलो की मी." त्या वेळी मला वाटलं, बघा, मान्य केलं.

मोठी झाले तशी मला त्याची लाज वाटायला लागली. पायांची नव्हे, मागण्याची. स्टँडवर तो कुणाही अनोळखी माणसाला थांबवायचा. "मामा, जरा उजव्या काखंत हात घाला. दंड धरू नगा, मी पडतो. मी तीन म्हणलो की उचला." माणूस वाकून ऐकायचा, समजलं नाही तर हा पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. वर चढला की "नाव काय तुमचं?" आणि मग खिशातला बटणांचा मोबाइल काढून नंबर लिहून घ्यायचा. एसटीत अपंगांसाठी राखीव असलेल्या जागेवर कुणी बसलेलं दिसलं की सरळ, "उठा की पावणं, ही माजी हाय." पावणे उठायचे. मी तोंड खिडकीकडं फिरवून बसायचे. मी उड्या मारून, कोपरं मारून जी जागा मिळवायचे ती याला नुसतं म्हटल्यावर मिळायची, हेही मला झोंबायचं.

आमचे वडील, उदयसिंह, कोइमतूरला सोन्याच्या गलाईचं काम करतात. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. आमच्या भागातल्या दर दोन-तीन घरांतला एक माणूस असा कुठल्यातरी लांबच्या शहरात असतो. वर्षातून एकदा ते यायचे, आणि आले की एक वाक्य हमखास असायचं, "कुनाचं मिंधं ऱ्हायाचं न्हाई." ते वाक्य मी पाठ करून टाकलं होतं. कृष्णातदानं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं.

एक गोष्ट मात्र होती. मला त्यानं कधीच काही मागितलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. मी समोर बसलेली असले तरी तो परड्यातल्या आईला हाक मारायचा. मला वाटायचं, मी धाकटी म्हणून. कधी वाटायचं, माझा वचक आहे म्हणून. दोन्ही कारणांवर मी खूश होते.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात कृष्णातदाला पत्र आलं. बाहेरून बी.ए. केल्यावर तीन वर्षं तो परीक्षा देत होता. दोनदा यादीत नाव आलं नाही, एकदा अर्ध्या मार्कानं गेलं. या वेळी सांगलीत विश्रामबागेतल्या एका कचेरीत लिपिकाची एक जागा होती, अपंगांसाठी जिल्ह्यात तेवढी एकच, आणि यादीत पहिलं नाव त्याचं होतं. पत्रात लिहिलं होतं, सोमवारी दुपारी दोनच्या आत सगळी मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहावे. न आल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. यादीत वरच्या क्रमांकावर असणं म्हणजे काय हे मला नेमकं ठाऊक होतं, त्यामुळं त्या घरात माझ्याइतकं ते पत्र कुणी वाचलं नसेल.

आई जाणार होती. पण रविवारी रात्रीपासून म्हैस व्यायला झाली आणि तिला सोडून जायची सोय राहिली नाही. मग सकाळी आईनं निळ्या पिशवीत लाल फाईल घातली, वर फडक्यात भाकरी बांधून ठेवली आणि मला म्हणाली, "दादाला नीट ने. आन तोंड कमी वाजव."

वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपनं आम्ही नऊच्या आत विट्याला पोचलो. स्टँडवर ही गर्दी! लग्नसराई होती. डोक्यावर बॅगा, कडेवर पोरं, हातात आहेराच्या पिशव्या. मी लगेच कंबर कसली. रुमालाचा काळ तेव्हा संपत आला होता, कुणीतरी उचलून बाजूला टाकायचं आणि मग भांडणं व्हायची. गर्दीच्या दिवशी पिशवीच टाकावी लागायची. मी कृष्णातदाच्या हातातली निळी पिशवी घेतली.

"पिशवी नगं संयू," तो म्हणाला. "कागदं हायत. माजी जागा राखीव हाय. मी कंडक्टरला सांगतो."

"आन मी काय उभी राहू दोन तास?" असं म्हणून मी निघालेसुद्धा.

एसटी फाटकातून आत वळली. पाटीवर मला 'सांगली' दिसलं. पुढचं वाचायला कशाला थांबायचं? मी बरोबरीनं पळाले, चौथी खिडकी उघडी होती, उडी मारली आणि पिशवी आत. पिशवी सीटवर पडल्याचा आवाज मी ऐकला. अंगावर मूठभर मांस चढलं. मग दरवाजाकडं धावले, तर तिथं माणसांची भिंत. मी कोपर घालून आत शिरायला बघतेय, तेवढ्यात एक बाई म्हणाली, "सातारला चाललीस व्हय गं एकटीच?"

सांगली–सातारा. गाडी सांगलीहून आलेली होती आणि साताऱ्याला निघालेली. रोज त्या स्टँडवर उड्या मारणारी मी, कुठलं गाव आधी लिहिलंय तेवढंच बघून मोकळी झाले होते.

मी ओरडले. पण त्या वेळी पंचवीस माणसं ओरडत होती. कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या आणि गाडी हलली. मी पळाले. तालुक्यात पहिली आलेली मी, चपला टाकून पळाले. फाटकापर्यंत ती माझ्या हाताच्या अंतरावर होती, मी पत्र्यावर थापसुद्धा मारली. मग रस्ता मोकळा लागला आणि गाडी गेली. जीव तोडून पळून मी पहिल्यांदाच हरले होते, आणि हरले ते भावाची नोकरी आत ठेवून.

मी अनवाणीच परत आले. कृष्णातदा फलाटाच्या कट्ट्यावर बसला होता. त्यानं सगळं बघितलं होतं. मला वाटलं आता हा कुबडी फेकून मारेल, आणि मारली असती तर बरं वाटलं असतं.

"बस आदी," तो म्हणाला. "पानी पी."

"दादा, कुणाला सांगू नको," मी हुंदके देत म्हणाले. "मी जीप करते. मागं जाते. आणते मी. कुणाला सांगू नको फक्त."

"जीपवाल्याला काय सांगशील?"

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला. "माजं फोनवर लोकांना लवकर कळत न्हाई. तू बोल. मी सांगतो तसंच. पन आदी लालासायबांकडं चल."

लालासाहेब म्हणजे स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक. त्यांच्या केबिनच्या खिडकीशी मी उभी राहिले आणि सुरू झाले, "काका, पाटीवर नीट दिसतच नव्हतं, गर्दी इतकी होती की, आणि गाडी थांबलीच नाही..."

कृष्णातदानं माझ्या तोंडावर आपला तळवा ठेवला. सगळ्यांसमोर. "आसं न्हाई मागायचं," तो म्हणाला. "आदी नाव सांग. मंग काय झालं ते. मंग नेमकं काय पायजे. कितीपत्तोर पायजे. बास."

आयुष्यात इतकं अवघड उत्तर मला कधी द्यावं लागलं नव्हतं. पहिल्या दोन वेळा आवाजच फुटला नाही. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "मी संयोगिता. कृष्णातची बहीण. माझ्या चुकीनं आमची पिशवी साताऱ्याच्या गाडीत गेली. ती गाडी पुढं कुठं थांबते ते सांगा. आम्हांला अकराच्या सांगली गाडीआधी पिशवी परत पाहिजे."

बोलून झाल्यावर मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. लालासाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "कडेगावला पावणेधाला लागंल. दोन मिनिटं थांबती. कृष्णात, तितं कोन हाय का रं तुजं?"

"सोपान हाय," कृष्णातदा म्हणाला.

सोपान कडेगावच्या स्टँडबाहेर पेपर विकायचा. तीन वर्षांपूर्वी परीक्षेहून येताना कृष्णातदा तिथं पडला होता. सोपाननं त्याला दंड धरून उचललं आणि दोघंही पडले. मग जमिनीवर बसूनच कृष्णातदानं त्याला काखेत हात कसा घालायचा ते शिकवलं, नाव विचारलं, नंबर घेतला आणि दर दिवाळीला फोन करत राहिला. घरी असा फोन चालू असला की मी अभ्यासाचं पुस्तक उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. त्या मोबाइलमध्ये अशी दीडदोनशे नावं होती. माझ्याकडं, जिला कुणाचीच गरज नव्हती तिच्याकडं, त्या दिवशी फोन करायला एक माणूस नव्हता.

मी सोपानला फोन लावला. नाव सांगितलं, काय झालं ते सांगितलं, निळी पिशवी, चौथी खिडकी, आत लाल फाईल. तो एवढंच म्हणाला, "कृष्णातची व्हय? थांबा मंग."

पुढची वीस मिनिटं मी फलाटावर येरझाऱ्या घातल्या. कुणी पिशवी बाहेर फेकली असेल, कुणी घेऊन उतरलं असेल. कृष्णातदा डोळे मिटून बसला होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं कुबडीच्या मुठीवर पांढरी पडली होती, ते मला आधी दिसलं नव्हतं. तो घाबरला होता. माझ्याइतकाच घाबरला होता आणि तरी मला पाणी पी म्हणाला होता.

फोन वाजला. सोपान गाडीत चढला होता आणि मागं कंडक्टर त्याच्यावर ओरडत होता. "पिशवी हाय," तो म्हणाला, "पन म्हातारी देईना! तूच बोल."

फोनवर एक खणखणीत आवाज आला. "कोन गं तू?"

शेजारच्या सीटवर बसलेल्या या चंद्राबाईंनी विट्यापासून कडेगावापर्यंत, माणसं दरवाजात लोंबकळत असताना, ती जागा रिकामी ठेवली होती. पोरीनं पिशवी टाकलीय, गर्दीतनं येत असेल, म्हणून. तिघांशी भांडल्या होत्या. एकाला तर छत्री दाखवली होती. "आन तू खालीच?" त्या कडाडल्या. "मी हितं गळा फोडून तुजी जागा राखतीया!"

"आजी, चूक माझी झाली," मी म्हणाले. या वेळी ते पहिल्याच दमात आलं. "मी चुकीच्या गाडीत पिशवी टाकली. माझ्या भावाच्या नोकरीचे कागद आहेत. सोपानदादांकडं पिशवी द्या."

"कशावरनं तुजी? आत काय हाय सांग."

"लाल फाईल. आणि भाकरी."

"भाकरीसंगं कालवण कसलं?"

मला माहीत नव्हतं. पहिला नंबर, शिष्यवृत्ती, सगळं होतं, पण सकाळी आईनं काय बांधलं ते मी बघितलं नव्हतं. तिकडं कंडक्टरनं घंटी दिली. मी फोन छातीशी धरून म्हणाले, "दादा, कालवण कसलं?"

"भरलं वांगं," कृष्णातदा म्हणाला. "आन कोपऱ्यात लसनाची चटनी. कागदात."

मी तसंच सांगितलं. फडकं सोडल्याचा, कागद उलगडल्याचा आवाज ऐकू आला. मग चंद्राबाई म्हणाल्या, "व्हय, वांगंच हाय. घे रं बाबा." आणि जाता जाता मला, "जागा आता देऊ का कुनाला?"

"द्या आजी," मी म्हणाले, आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं.

सोपाननं पिशवी कऱ्हाडहून विट्याला येणाऱ्या गाडीत दिली. तिच्यावर मानसिंग नावाचे कंडक्टर होते. तेही कृष्णातदाच्या मोबाइलमधलेच. अकराला पाच कमी असताना ती गाडी आली. मानसिंगकाकांनी तिकिटांचं यंत्र एका खांद्याला आणि आमची निळी पिशवी दुसऱ्या खांद्याला अडकवली होती. मी ती पोटाशी धरली ती सांगलीपर्यंत सोडली नाही.

अकराच्या सांगली गाडीची पाटी मी तीनदा वाचली. आत चढलो तर राखीव जागेवर एक गृहस्थ पेपर वाचत बसलेले. मी पुढं होऊन म्हणाले, "नमस्कार, मी संयोगिता. हा माझा भाऊ. ही जागा अपंगांसाठी आहे. आम्हांला ती सांगलीपर्यंत पाहिजे." गृहस्थ घाबरून उठले. कृष्णातदा हसता हसता सीटवर कलंडला. "आगं, हितं नाव सांगायची काय गरज न्हवती."

तासगाव मागं पडल्यावर मी त्याला विचारलं. मघापासून ते मनात घोळत होतं. "तू सगळ्यांला मागतोस. पेपरवाल्याला, कंडक्टरला. मला का कधी न्हाई मागत?"

तो बराच वेळ बाहेरच्या द्राक्षाच्या बागांकडं बघत राहिला. मला वाटलं, शब्द जुळवतोय. पण शब्द त्याच्याकडं तयार होते, द्यावेत की नाहीत हे तो ठरवत होता.

"तू वढतीस," तो म्हणाला.

मी पोटाशी धरलेली पिशवी आणखी घट्ट धरली.

"तुज्या हातात हात दिला की तू पळाय लागतीस. मंग मी पडतो. मंग तूच रडतीस. म्हनून न्हाई मागत."

तो रागावून बोलला असता तर मी भांडले असते. तो नुसता सांगत होता, स्टँडवरच्या माणसाला दंड धरू नगा असं सांगतो तसं. मला माझे वचकाचे आणि धाकटेपणाचे सगळे हिशेब आठवले. इतकी वर्षं सगळ्या जगात तो फक्त मलाच घाबरत होता.

सांगलीच्या स्टँडवरून रिक्षानं विश्रामबागेत पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. कचेरीची इमारत जुनी, दाराशी अकरा उंच पायऱ्या, कठडा नाही. कृष्णातदानं रिक्षावाल्याला एका बाजूला घेतलं, वॉचमनला दुसऱ्या. दोघांना काय करायचं ते सांगितलं, तीन म्हणाला आणि वर गेला. मी पिशवी घेऊन मागून चढले.

आत टेबलामागच्या बाईंनी एकेक कागद बाहेर काढला. एकाला वांग्याच्या तेलाचा डाग पडला होता, त्या तिथं थबकल्या. मग त्यांनी डागाखालचा शिक्का बघितला आणि बरोबरची खूण केली. सगळ्यांवर खुणा झाल्या. सही करायला कृष्णातदाला वेळ लागतो. त्या घड्याळाकडं न बघता थांबल्या. "झालं," त्या म्हणाल्या. "नेमणुकीचं पत्र घरी येईल." भिंतीवर दोनला दहा कमी होते. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो तिथं पडल्यावर मला कळलं की सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही.

बाहेरच्या बाकावर आम्ही भाकरी सोडली. घास तोंडात घालायच्या आधी त्यानं मोबाइल पुढं केला. "सगळ्यांला सांग, झालं म्हनून. ज्यांला मागितलं त्यांला सांगायचं असतं. न्हाईतर ते बिचारे दिवसभर घोर लावून बसत्यात." मी लालासाहेबांना सांगितलं, सोपानला सांगितलं, मानसिंगकाकांना सांगितलं. शेवटी आईला. आई म्हणाली, म्हशीला रेडी झाली. चंद्राबाईंचा नंबर तेवढा कुणाकडंच नव्हता. विटा–सातारा गाडीत खणखणीत आवाज ऐकला की मी अजून मागं वळून बघते.

कृष्णातदा त्या कचेरीत आता नऊ वर्षं आहे. विश्रामबागेत खोली घेऊन राहतो. कुठलाही कागद घेऊन गोंधळलेलं माणूस दारात दिसलं की बाकीचे त्याला कृष्णातच्या टेबलाकडं पाठवतात, कारण तो नेमकं काय पाहिजे ते विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. दारात कठडा बसला, तोही त्यानं मागून घेतला. दोन वर्षं मागत होता. मी पोलिसात आहे. पळण्यात पहिली आले होते, ते खोटं कशाला सांगू. आजही समोरचा सावकाश चालला की माझे पाय शिवशिवतात.

पण त्या दिवशी कठडा नव्हता. भाकरी खाऊन आम्ही पायऱ्यांच्या तोंडाशी आलो. त्याला चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं. खालून वॉचमननं बघितलं आणि ते हात पुसत वर यायला लागले.

"नगं मामा," कृष्णातदा म्हणाला. "भन हाय माजी."

मग माझ्याकडं वळून, जसं कुणाही नवख्या माणसाला सांगतो तसं सावकाश सांगितलं. "उजव्या काखंत हात घाल. दंड धरू नगं. मी पाय ठेवला की मंग तू ठेव."

मी हात घातला. त्याचं अंग किती जड आहे आणि प्रत्येक पावलाआधी ते कसं थरथरतं हे मला तेरा वर्षांत माहीत नव्हतं. त्यानं पाय ठेवला, मग मी ठेवला. मधल्या पायरीवर तो थांबला, मीही थांबले. फायली घेतलेले दोघं जण आम्हांला ओलांडून भराभरा उतरून गेले. अकरा पायऱ्यांना किती वेळ लागला ते मी बघितलं नाही.

खाली पोचल्यावर त्यानं दम घेतला, कुबडी नीट टेकली आणि गंभीर चेहऱ्यानं मला विचारलं, "नाव काय तुमचं?"

"संयोगिता," मी म्हणाले.

त्यानं खिशातून मोबाइल काढला. "नंबर?"

"माझ्याकडं कुठाय मोबाइल?"

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "घरीच गाठ पडंल आपली."

आणि आम्ही रिक्षा बघायला निघालो.